नेणारे येईपर्यंत थांबावे

माझं काम काय आहे हे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना मी एकेकदा समजावून सांगितलं आहे आणि कुणालाही ते पटलेलं नाही. सासूबाई विचारणाऱ्याला सांगतात, "ती दिवसभर मोबाइलवर असते." शेजारच्या वहिनींना वाटतं, मी घरोघरी खत विकते. मुलगा मित्रांना सांगतो, "आई लोकांना ब्लॉक करते." त्यातल्या त्यात मुलाचं खरं.

ठाण्याच्या नौपाड्यात एका नर्सरीवाल्यांचं दुकान आहे. कुंड्या, माती, शेणखत, रोपं. दुकानाच्या मालकांनी ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या बागप्रेमींसाठी एक ऑनलाइन ग्रुप काढला. हेतू सरळ होता. लोक फुलांचे फोटो टाकतील, ते बघून बाकीच्यांना फुलं हवीशी वाटतील आणि ते आमच्याकडून माती नेतील. पण ग्रुप वाढत गेला आणि मालकांच्या हाताबाहेर गेला, तेव्हा पगारावर माणूस ठेवायचं ठरलं. मी त्याआधी बरीच वर्षं एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर होते. सिलिंडर न मिळालेल्या माणसाशी बोलायची सवय असलेली बाई जास्वंदवाल्यांना सहज आवरेल, असा मालकांचा हिशेब.

"फार काही नाही ताई," ते म्हणाले, "भांडणं मिटवायची."

तर मी भांडणं मिटवते. या कामाला अ‍ॅडमिन म्हणतात. जाहिराती काढायच्या, शिव्या काढायच्या, ज्योतिषी काढायचे. बाहेरच्या माणसाला वाटेल, झाडांवर भांडण्यासारखं काय असतं? एकदा ठाण्याच्या एका बाईंनी गुलाबाला अंड्याची टरफलं चांगली असं लिहिलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, आमचा गुलाब तुळशीशेजारी आहे, आम्हाला चालणार नाही. तिसऱ्यानं विचारलं, मग शेणखत कसं चालतं? दुपारच्या चहापर्यंत मंडळी एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचली होती. मी चर्चा बंद केली आणि लिहिलं, "ज्याला घालायची त्यानं घालावीत. गुलाबाची तक्रार आली तर बघू." यावर दोन्ही बाजूंनी मला पक्षपाती ठरवलं, म्हणजे निकाल बरोबर लागला.

मग डोंबिवली पूर्वेचे जोशीकाका. बँकेतून निवृत्त, सज्जन, रोज सकाळी उगवत्या सूर्यावर सुविचार लिहून पाठवणारे. मी रोज काढते. "अहो, त्यात सूर्य आहे, झाडांना सूर्य लागतो," असा त्यांचा युक्तिवाद. एकदा त्यांनी सुविचाराच्या कोपऱ्यात कोथिंबिरीची काडी चिकटवून पाठवली.

ग्रुपची एक पद्धत मात्र सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे लोक झाडं देतात. इमारतीचं रंगकाम काढतात, सोसायटी ग्रिलमधल्या कुंड्या हलवायची नोटीस लावते, कुणाची बदली होते. मग ते 'देणे आहे' असं लिहून फोटो टाकतात. खाली जो पहिला 'नंबर' असं लिहील त्याचं झाड. आणि नियम : नेणारे येईपर्यंत देणाऱ्याने घरी थांबावे. हा नियम मी केला. ठाण्याच्या एक बाई एका लिंबाच्या रोपासाठी रिक्षा करून कल्याणला गेल्या होत्या आणि देणारा भाऊ मावसबहिणीच्या साखरपुड्याला निघून गेला होता. बाईंनी त्याच्या बंद दाराचा फोटो टाकून खाली जे लिहिलं, ते या दिवाळी अंकात छापता येणार नाही.

असं सगळं चाललेलं असताना एक दिवस एका बाईंनी पिवळ्या पडलेल्या मनीप्लांटचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "सगळी पानं गळतायत. मलाही सकाळी उठवत नाही. पाणी कोण घालणार? हे सगळं एकदाचं संपलं तर बरं."

उत्तरं भराभर आली. "पाणी जास्त झालंय." "मुळं कुजली असतील, काढून बघा." "एप्सम सॉल्ट. चमचाभर." एकानं विचारलं, "कुंडीला भोक आहे का?" फक्त एका बाईंनी पोस्ट शेवटपर्यंत वाचली होती. त्यांनी लिहिलं, "जेवलात का आज?"

माझे डोळे तेव्हा उघडले. मागच्या पोस्ट पुन्हा वाचल्या तर अशा ओळी आणखी सापडल्या, कुठं कढीपत्त्याच्या खाली, कुठं गांडूळखताच्या खाली. लोक मरणाबद्दल लिहीत होते आणि आम्ही त्यांना निंबोळी पेंड सुचवत होतो.

मालकांना सांगितलं तर ते घाबरले. "ताई, हे आपलं काम नाही. आपण खत विकतो. मरणाच्या गोष्टी ग्रुपवर आल्या तर खपावर परिणाम होईल."

मी म्हटलं, "मेलेली गिऱ्हाइकं खत घेत नाहीत."

हा मुद्दा त्यांना पटला.

आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका मानसोपचार डॉक्टर बाईंचा दवाखाना आहे. त्या आमच्याकडून अँथुरियम नेतात आणि मारतात, पुन्हा नेतात. मी त्यांना गाठलं. त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, "सरळ विचारायचं. मरायचा विचार येतो का, याच शब्दांत. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, आत असला तर बाहेर यायला वाट मिळते. उपदेश नको. धोका वाटला तर एकटं सोडायचं नाही, जवळच्या माणसाला गाठायचं. आणि तुम्ही स्वतः डॉक्टर व्हायचं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मग विचारलं, "अँथुरियमला पाणी रोज घालायचं नसतं का?"

सरळ विचारणं मला जड गेलं नाही. आमच्या माहेरी सगळं सरळच विचारायचे, पाहुण्यांनासुद्धा. जड गेलं ते बाकीच्यांना गप्प बसवणं. कुणी वाईट लिहिलं की दहा माणसं धावून येतात आणि दहाही भाषण करतात. जीवन अनमोल आहे. आईवडिलांचा विचार करा. माझ्याकडे बघा, दोन्ही गुडघे बदललेत, तरी रोज गच्चीत जातो. मी ही उत्तरं काढून टाकायला लागले. गुडघेवाल्या गृहस्थांनी मला खासगीत विचारलं, "मी त्या लिहिणाऱ्या मुलाला धीर देत होतो. त्यात चूक काय?"

"तुम्ही त्याला तुमच्या गुडघ्यांबद्दल सांगत होता."

"पण खरंच बदललेत हो."

तुम्ही म्हणाल, घर सोडून, मित्र सोडून, माणसं फुलझाडांच्या ग्रुपवर का येतात? मी एकाला विचारलं होतं. त्यानं लिहिलं, "घरी सांगितलं तर सगळे रडतील. मग मला त्यांना आवरावं लागेल. मित्राला सांगितलं तर तो पार्टीला नेईल. इथं माझं आडनाव कुणाला माहीत नाही." मदतीचे फोन असतात, ते मी प्रत्येकाला देते आणि पुष्कळ जण लावतातही. पण फोनवर बोलायला आवाज लागतो. आमच्याकडच्या घरांत हॉलमध्ये वडील टीव्ही बघत असतात, स्वयंपाकघरात आई असते, आणि बाल्कनीत शेजारी. टाइप करताना कुणाला ऐकू जात नाही.

मनीप्लांटवाल्या बाईंशी मी बरेच दिवस लिहून बोलले. दवाखान्याचा पत्ता दिला. जाईन म्हणाल्या. एक दिवस त्यांचं खातं बंद दिसलं. त्या डॉक्टरकडे गेल्या, फोन बदलला, नवऱ्यानं ग्रुप सोडायला लावला, की आणखी काही, मला माहीत नाही. या कामातलं हे वाक्य मला सगळ्यात नकोसं आहे, आणि ते पुष्कळदा म्हणावं लागतं. गॅस एजन्सीत निदान सिलिंडर पोचल्याची सही तरी मिळायची.

आता विनयचं सांगते. नाव बदललेलं आहे, आणि त्यानं हे वाचून दोन दुरुस्त्या केल्या आहेत, दोन्ही झाडांबद्दलच्या.

विनय म्हणजे आमच्या ग्रुपचा अर्धा मेंदू. पस्तिशीचा, डोंबिवलीजवळ कोपरला तळमजल्यावर एकटा राहणारा, खिडकीखाली जेमतेम दोन पावलं जागा, त्यात बाग. कुणी काहीही विचारलं की त्याचं उत्तर यायचं, मुद्देसूद, नम्र, कंटाळा न करता. एका बुधवारी सकाळी त्याची पोस्ट आली : "सर्व झाडे देणे आहे. मोगरा, कढीपत्ता, जास्वंद, पुदिना. कात्री, झारी आणि माती चाळायची चाळणीही न्यावी. जास्वंद जागा बदलली की रुसते, दोन दिवस सावलीत ठेवावी. आजवर सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल आभारी आहे."

'देणे आहे'च्या पोस्ट माझ्या परवानगीशिवाय थेट जातात. मी बघेपर्यंत खाली झुंबड उडाली होती. "जास्वंद नंबर!" "मोगरा नंबर." "मोगरा माझा नंबर, वेळ बघा." "कढीपत्ता. कुंडीसकट ना?" "ठाण्याला पाठवता का?" "चाळणी बारीक आहे की मोठी?" विनय प्रत्येकाला उत्तर देत होता. चाळणी मध्यम होती.

मी पोस्ट दोनदा वाचली. बदलीचं नाव नाही, रंगकामाचं नाही, सोसायटीचं नाही. आणि गाव सोडून जाणारा माणूस झाडं देतो, पण हाताला बसलेली कात्री देत नाही. मी त्याला खासगीत लिहिलं, "विनय, कुठं चाललात?"

"कुठं नाही ताई."

"मग कात्री का देताय?"

नुसती टिंबं हलत होती, म्हणजे तो लिहीत होता आणि पुसत होता. मी विचारलं, "मरायचा विचार आहे का?"

"हो," त्यानं लिहिलं. आणि लगेच पुढं, "तुम्ही त्रास करून घेऊ नका. सगळं देऊन झालं की मग."

मी विचारलं, आज? तो म्हणाला, आज. मदतीचा नंबर दिला, तर म्हणाला, मला फोनवर बोलता येत नाही. जवळ कोण आहे? कुणी नाही. पत्ता? "कशाला ताई?"

आता खोटं बोलले असते तर चाललं असतं. पण सुचलं ते खरंच होतं. मी लिहिलं, "नियम माहीत आहे ना? नेणारे येईपर्यंत देणाऱ्यानं घरी थांबायचं. पत्त्याशिवाय ते येणार कसे? आणि हेही सांगते, पहिली जी बाई येईल ती नुसत्या झाडासाठी येणार नाही. तिला मी सगळं सांगणार आहे."

विनय हा नियमाचा माणूस. त्याच्या पोस्टमध्ये पूर्णविरामसुद्धा चुकत नाही. त्यानं पत्ता दिला, पिनकोडसकट. लिहिलं, "थांबतो. पण लवकर यायला सांगा."

जास्वंदीला पहिला नंबर लावला होता म्हात्रेकाकूंनी. काकू कोपरच्याच, मूळच्या गावातल्या, आगरी बोलणाऱ्या. एके काळी घरची भातशेती होती, आता त्याच जमिनीवर त्यांची चार मजली इमारत आहे आणि काकू तिच्या गच्चीत भेंडी लावतात. मी फोन केला.

"काकू, तुम्ही विनयकडं जास्वंद मागितलीत ना?"

"मीच पयली! बाकी सगली मागून आली. बघून ठेवा, मंग बोलाल काकू भांडते."

"काकू, नीट ऐका. त्याला जगायचं नाहीये, म्हणून तो झाडं देतोय. आत्ता लिहिलंय त्यानं मला."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग काकू म्हणाल्या, "पत्ता सांग."

सांगितला.

"ह्या तं आमच्या बिल्डिंगच्या मागं. गॅस बंद करते नि निघते."

"काकू, उपदेश करायचा नाही. देवाचं काढायचं नाही. आईबापाचं काढायचं नाही. आणि दुसरं माणूस येईपर्यंत त्याला सोडून हलायचं नाही."

"मंग बोलू काय?"

"झाडांवर बोला."

"त्या काय मना शिकवाया लागतं?"

काकूंनी फोन चालू ठेवूनच पिशवीत टाकला. ही त्यांची हुशारी, की बंद करायचा राहिला, हे मी अजून विचारलेलं नाही. मी माझा फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. दुकानाच्या फोनवर पोलिसांचा नंबर तयार ठेवला. दार उघडलं नाही तर तो लावायचा.

चपलांचा आवाज आला, मग फाटक वाजलं, मग बेल. मग बराच वेळ काहीच नाही. माझं बोट त्या दुसऱ्या फोनवर होतं.

दार उघडलं.

"तूच काय रं विनय? मी म्हात्रे. जास्वंदीसाठी आयले."

"या. ही बघा, पिशवीत घालून ठेवलीय."

"घेऊन लगेच पलू काय? आधी पानी दे." मग पिशवीचा चुरचुर आवाज, आणि काकूंचा आवाज एकदम चढला. "ह्या काय? पिठ्या ढेकून! नि ह्यो तू मना देतंस?"

"कुठं?" विनयचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. अगदी बारीक होता. "परवा नव्हता."

"परवा नव्हता बोलतो. पानाच्या मागं बघितला कवा? मी नाय नेत. माझी भेंडी मरंल सगली."

आता आमच्यात किडीचं झाड दुसऱ्याला द्यायचं नाही, हा मी न केलेला पण सगळे पाळतात असा नियम आहे. किडकं झाड देणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं. विनयला ते चांगलं माहीत. तो म्हणाला, "सॉरी. मग ती राहू दे."

"राहू दे काय? झार चांगला हाय. ग्रुपवर तूच सांगतंस ना, साबनाचा पानी मारा, रोज मारा, हफ्ता जाऊ द्या? मंग मार. बरी कर, मंग मी नेते."

"काकू, मी आठवडाभर..." आणि तो थांबला.

काकूंनी आवाज जरा खाली आणला. "ताईनं मना सांगितलाय सगला. मी काय लेक्चर देनार नाय. मना येत पन नाय. पन आजारी झार मी नेनार नाय, नि तुला एकटा सोडून जानार नाय. आता चाय ठेव. साखर हाय का घरात?"

डबा उघडल्याचा आवाज आला. विनय म्हणाला, "आहे."

चहा झाल्यावर, अर्ध्या तासानं आणखी बेल. मी कुणालाच पाठवलं नव्हतं, पण या नियमाच्या माणसानं मला पत्ता दिल्याबरोबर नंबर लावणाऱ्या प्रत्येकालाही स्वतःच तो कळवून टाकला होता. दारात, मला नंतर कळलं तसं, जोशीकाका आणि जोशीकाकू, बाहेर त्यांची रिक्षा थांबलेली. त्यांच्या मागून आंबिवलीचे शेलार, मोटारसायकलवर, हातात दोरी. दोघांनाही मोगरा हवा होता. कुणालाच काही माहीत नव्हतं.

"विनयराव! काय बाग आहे हो!" जोशीकाका सुरू झाले. "कुठं, बदली का? परदेशात? तरुणांनी जायलाच हवं. काय आहे, जीवनात..."

"काका, बसा," म्हात्रेकाकू म्हणाल्या. "त्याला बरा नाय. चाय घ्या."

"अरेरे. ताप का?"

"तापच समजा."

शेलारांना चहा नको होता. "मोगरा माझा आहे. मी आधी लिहिलंय. मला सेकंड शिफ्टला जायचंय."

"अहो, एकाच मिनिटात लिहिलंय दोघांनी!"

"मिनिट एक असेल, वर कोण आहे? मी वर आहे."

"वर असण्याला काय अर्थ आहे? ते नेटवर्कवर असतं. मी बँकेत होतो, मला सांगू नका."

"मग बँकेतच लावायचा मोगरा!"

इकडं नौपाड्यात आमचे मालक गांडूळखताचं विचारायला आले आणि माझ्या टेबलाशी थबकले. कुजबुजत म्हणाले, "काय चाललंय?"

"मोगऱ्यावरून भांडण."

"मग मिटवा की."

"नाही," मी म्हटलं, "चालू दे."

मालकांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि स्टूल ओढून बसले.

भांडण विनयपर्यंत गेलं. जोशीकाका म्हणाले, "विनयरावच सांगू देत. झाड त्यांचं." मला वाटलं, आता तो म्हणणार, कुणीही न्या. पण विनयनं विचारलं, "शेलार, तुमच्याकडे ऊन किती येतं?"

"सकाळी येतं थोडं. समोर भिंत आहे."

"काका, तुमच्याकडे?"

"भरपूर!" जोशीकाका म्हणाले. "दुपारपर्यंत नुसतं ऊनच ऊन. हिला विचारा." जोशीकाकू काही बोलल्या नाहीत.

"मग मोगरा काकांना. शेलार, तुम्ही कढीपत्ता न्या, तो कमी उन्हातही तग धरेल. पण आधी वरून छाटायला लागेल. थांबा, कात्री..." कात्री पिशवीत बांधून ठेवलेली होती. पिशवी चुरचुरली, गाठ सुटली. मग छाटण्याचा आवाज आला.

छाटणी चाललेली असतानाच म्हात्रेकाकूंनी विचारलं, पुदिन्याची किंमत विचारावी तशा आवाजात, "तुझा जवलचा कोन हाय रं?"

"मोठी बहीण आहे. कळव्याला. तिला नका सांगू, काकू."

"नंबर दे."

"ती घाबरेल."

"घाबरंल तं घाबरंल. भैन हाय, तिचा कामच हाय त्या. दे नंबर."

त्यानं दिला. तो मी इकडं ऐकून लिहून घेतला आणि दुकानाच्या फोनवरून बहिणीला लावला.

बहीण येईपर्यंत जोशीकाकूंना सगळं कळलं होतं. कुणी सांगितलं नाही. त्यांनी नवऱ्याला रिक्षात बसवलं आणि स्वतः मागं राहिल्या, भांडी घासायच्या निमित्तानं. मोगरा मांडीवर घेऊन जोशीकाका एकटेच डोंबिवली पूर्वेला गेले. बहीण आली ती रागावली, रडली, पुन्हा रागावली, आईवडील काढले, देव काढला. उपदेश न करण्याचा माझा नियम बहिणींना लागू होत नाही, हे मी तेव्हा मान्य केलं. त्याच संध्याकाळी ती, विनय आणि म्हात्रेकाकू आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंसमोर होते. काकू बाहेर बसल्या आणि बाईंचं अँथुरियम बघून रिसेप्शनच्या मुलीला बोलल्या.

सगळं ठीक झालं असं इथं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. विनय बहिणीकडं राहिला. गोळ्या सुरू झाल्या, एक मानवली नाही, बदलली. मध्ये काही दिवस रुग्णालयात होता. त्याला नेमकं काय झालं होतं ते त्यानं मला नंतर सांगितलं, पण ते दिवाळी अंकासाठी सांगितलेलं नाही. एका वाईट दिवशी त्याचा मेसेज आला तेव्हा मी पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत. "आहे आज विचार," त्यानं लिहिलं. "बहिणीला सांगितलंय. डॉक्टरांना फोन करतोय." दरम्यान म्हात्रेकाकू त्याच्या बंद घराची किल्ली घेऊन जायच्या आणि त्या जास्वंदीवर साबणाचं पाणी मारायच्या. नेली मात्र नाही. "बरी झाली नाय अजून," असं मला सांगत राहिल्या, पानं चकचकीत झाल्यावरही.

मालकांना जाहिरातीवर 'झाडं माणसाला वाचवतात' असं छापायचं होतं. मी छापू दिलं नाही. डॉक्टर, गोळ्या, बहीण, आणि घर सोडून न हललेली एक बाई, यांचं काम होतं ते. झाडांना फक्त कीड लागली होती.

विनय ग्रुपवर परतला तो गुपचूप. पहिल्यांदा कुणाच्या तरी टोमॅटोला उत्तर दिलं, मग रोज एखाददुसरं. लोकांनी नेहमीसारखंच वागायचं ठरवलं, म्हणजे आभार न मानता पुढचा प्रश्न विचारायला सुरुवात केली.

मग जोशीकाकांनी एका सकाळी सुविचार टाकला. मी काढायच्या आधी तो विनयनं पाहिला. सुविचाराच्या मागं फोटो होता, आणि फोटोत टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात, विणलेल्या रुमालावर, एक लांबुडका, फिकट, एकही कळी नसलेला मोगरा.

विनयनं सगळ्यांसमोर लिहिलं, "काका, हा माझा मोगरा आहे का?"

"हो! कसा छान दिसतोय ना दिवाणखान्यात? येणारे-जाणारे विचारतात."

"भरपूर ऊन आहे म्हणालात."

"बाल्कनीत आहे ना. पण तिथं हिची वाळवणं असतात."

"झाड परत द्या. मी आज न्यायला येतो."

"अहो, दिलेलं परत मागायची पद्धत नाही आपल्यात. अ‍ॅडमिन ताई, सांगा यांना."

ग्रुप उभा फुटला. दिलेलं ते दिलेलं, असं अर्ध्यांचं म्हणणं. बाकीचे म्हणाले, खोटं सांगून घेतलेलं ते घेतलेलं नाही. शेलारांनी फक्त आपल्या हिरव्यागार कढीपत्त्याचा फोटो टाकला आणि खाली काही लिहिलं नाही. सगळे माझ्या निकालाची वाट बघत होते, आणि माझ्याकडं झाड परत मागण्याबद्दल नियमच नव्हता, कारण अशी वेळ कधी आली नव्हती.

मी विचार करत होते तेवढ्यात विनयची लांबलचक पोस्ट आली. नम्रता नाही, पूर्णविरामांचा पत्ता नाही. ज्यांना झाड आणि फुलदाणी यातला फरक कळत नाही त्यांनी प्लॅस्टिकची फुलं आणावीत आणि सुविचार त्यांना वाचून दाखवावेत, मोगऱ्याला टीव्ही बघायचा नसतो, आणि बँकेत इतकी वर्षं काढून माणसाला पूर्व-पश्चिम कळत नसेल तर त्या बँकेचं कसं चाललं असेल, असं बरंच काही. माणसं रागावली की मी ती पोस्ट लगेच काढते. ही मी आधी दोनदा वाचली. मग नियमाप्रमाणे काढली आणि त्याला खासगीत ताकीद दिली : "विनय, ज्येष्ठांना असं बोलायचं नाही. पुन्हा लिहिलंत तर ग्रुपमधून काढून टाकीन."

उत्तर ताबडतोब आलं.

"काढा. उद्या सकाळी पुन्हा अर्ज करीन. परवा पुन्हा. मोगरा मिळेपर्यंत करत राहीन."